नमुन्याबरहुकूम

खरेदी विभागातल्या बाईंना सगळं कार्यालय कलमबाई म्हणायचं. तोंडावर नाही, पण बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. सरकारला पायपुसणी हवी असोत की पाण्याचे पंप, निविदेच्या अटी लिहायच्या त्यांनीच. त्यांच्या हातची निविदा वाचता वाचता पुरवठादारांना घाम फुटायचा. एकाने तर वैतागून विचारलं होतं, "बाई, या पायपुसण्यांवर पाय पुसायची परवानगी कितव्या कलमात आहे?" बाईंनी त्याला कलम काढून दाखवलं. होतंच ते.

त्यांची एक सवय होती. नवी निविदा लिहिताना जुनी समोर घ्यायची आणि तिच्यातलं एकही कलम गाळायचं नाही. असलं तर असू दे, काही खायला मागतंय का ते? त्यामुळे पंपांची कलमं पडद्यांना लागायची आणि पडद्यांची छत्र्यांना. एकदा कपाटांच्या निविदेत 'माल गंजू नये म्हणून कोरड्या हवेत उलटा टांगून ठेवावा' असं निघालं, आणि त्या बिचाऱ्या पुरवठादाराने खरोखर दोर आणले होते.

तर अशा या बाईंच्या वाट्याला खुर्च्यांची खरेदी आली.

कार्यालयातल्या जुन्या खुर्च्यांबद्दल जितकं कमी बोलावं तितकं बरं. बाईंच्या खुर्चीचा एक पाय केव्हाच निखळला होता आणि त्याच्या जागी जुन्या निविदांचा गठ्ठा उभा होता. निविदांचा इतका भक्कम उपयोग त्या इमारतीत दुसरा कुठलाच झाला नसेल. पण पाठीला ते कोण सांगणार? दुपारपर्यंत बाईंच्या कमरेत अशी कळ यायची की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मागच्या खेपेला आलेल्या खुर्च्या मापात चोख होत्या, फक्त त्यांच्यावर बसता येत नव्हतं. म्हणून या खेपेला बाईंनी कमरेवर हात ठेवून, दात ओठ खाऊन अट लिहिली: पुरवलेली प्रत्येक खुर्ची मंजूर नमुन्याशी माप, रचना व बसण्याचा अनुभव या सर्व बाबतींत तंतोतंत जुळावी.

साहेबांनी सही करता करता म्हटलं, "तंतोतंतच्या ऐवजी साधारणपणे म्हणा ना, बाई. उगाच अडचण नको."

"साधारणपणे म्हटलं साहेब, की साधारण खुर्च्या येतात."

साहेबांनी सही केली. सही करायला तेवढे ते कार्यालयात यायचे. बाकी वेळ ते दौऱ्यावर असत, निदान तसं सांगितलं जाई.

नमुना एका सुताराचा मंजूर झाला. बाजारामागच्या गल्लीत त्याचं बापाच्या वेळचं दुकान होतं, आणि सरकारी निविदा त्याने आयुष्यात पहिल्यांदाच भरली होती. लाकडी हातांची, स्प्रिंगच्या गादीची खुर्ची. बोलघेवडा माणूस, पण खुर्ची आणून ठेवली तेव्हा गप्प उभा राहिला, मुलगी दाखवायला आणल्यासारखा. नियमाप्रमाणे खुर्चीच्या हातांतून आणि पाठीतून तांबडी दोरी ओवली गेली, गाठीवर लाखेची मोहोर बसली. नमुना खरेदी विभागात मोहोरबंद राहावा आणि विभागप्रमुखाने त्याची वेळोवेळी स्वतः तपासणी करावी, असं कलम होतं. पहिला अर्धा भाग बाईंनी पाळला. दुसऱ्या अर्ध्यासाठी विभागप्रमुख म्हणजे साहेब सापडायला हवे होते.

खुर्ची कोपऱ्यात उभी राहिली. बाई गठ्ठ्यावर डुगडुगत राहिल्या.

आणि एका दुपारी, कळ अगदीच अनावर झाली तेव्हा, त्यांनी दार लोटून घेतलं आणि कलम पुन्हा वाचलं. मोहोर तुटता कामा नये. बरोबर. दोरी सुटता कामा नये. बरोबर. बसू नये असं कुठं लिहिलंय? हळूच, दोरीला धक्का न लावता, बाई नमुन्यावर टेकल्या. कमरेतून असा काही सुस्कारा निघाला की त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

त्यानंतर बाईंना कोण उठवणार? रोज सकाळी नमुना कोपऱ्यातून टेबलाशी यायचा आणि संध्याकाळी पुन्हा कोपऱ्यात जाऊन चादर ओढून घ्यायचा. हे फक्त शिपायाला माहीत होतं. तो चहा ठेवताना गंभीर चेहऱ्याने विचारायचा, "नमुना तपासताय का, बाई?"

"ताबा आहे माझ्याकडे. निगराणी नको?"

"हवी तर. आणि निगराणी बसूनच चांगली होते."

आठवडाभराची गोष्ट असती तर निभावून गेलं असतं. पण हरलेल्या पुरवठादाराने तक्रार केली, तक्रारीवर खुलासा मागवला गेला, खुलाशावर अभिप्राय आणि अभिप्रायावर पुन्हा खुलासा. तोवर ऋतू बदलून परत आले. बाई निगराणी करत राहिल्या. बाईंच्या डाव्या हाताला फोन होता, डाव्याच हाताला कागदांची ताटली. दिवसभर त्या डावीकडे झुकून वरच्या कार्यालयाची बोलणी खायच्या आणि बोलणी संपली की मागे रेलायच्या. बाई तशा अंगाने भरलेल्या. खुर्ची बिचारी मुकाट्याने शिकत गेली.

शेवटी एकदाचा हुकूम निघाला आणि खुर्च्यांनी भरलेला टेम्पो दारात उभा राहिला. तपासणीला वरच्या कार्यालयातून मोजपट्टी आले. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. सडपातळ माणूस, खिशात कायम पोलादी फीत, आणि हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. लाच घेत नाहीत आणि चहाही घेत नाहीत, म्हणून सगळे त्यांना टरकून असत.

त्यांनी आधी मोहोर तपासली. शाबूत. दोरी, शाबूत. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला, तोच मोजपट्टींनी अटींचा कागद वर धरला. "बसण्याचा अनुभव. हे कुणी लिहिलं?"

"मी," बाई अभिमानाने म्हणाल्या. शेवटचा अभिमान तो.

मोजपट्टींनी दोरी सोडवली आणि ते नमुन्यावर बसले. गादी भसकन खाली गेली. खुर्ची डावीकडे झुकली. त्यांनी पाठ टेकवली तशी ती कुंईऽऽ करून ओरडली. मग ते नव्या खुर्चीवर बसले. ती ताठ, सरळ, तोंडातून चकार शब्द नाही. दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच.

"जुळत नाहीत," ते म्हणाले.

सुतार हबकला. "साहेब, पण या चांगल्या आहेत!"

"चांगलं असणं कलमात नाही. जुळणं आहे. मॅडम, तंतोतंत असंच लिहिलंय ना?"

माल नाकारला तर सुताराचं नाव काळ्या यादीत जाणार, बापाच्या दुकानाला टाळं लागणार. आणि खरं सांगावं तर मोहोरबंद नमुना वापरल्याचा ठपका बाईंवर. एवढ्या वर्षांत त्यांच्या नावावर एक साधा शेरा नव्हता. त्या जमिनीवर पडलेल्या लाखेचे तुकडे वेचू लागल्या.

सुतार मात्र नमुन्यापाशी उकिडवा बसला होता. त्याने गादी दाबली, खुर्ची मागे रेलून पाहिली. कुंईऽऽ. तो कसनुसा हसला. "ही मी केली? माझ्या हातची आहे ही? बापाने पाहिलं असतं तर हातोडी काढून घेतली असती माझी."

हे ऐकून बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो नशिबाला, सरकारला, तपासनीसाला शिव्या देता तर चाललं असतं. पण तो स्वतःच्या हातांकडे बघत होता.

मोजपट्टींनी निकाल दुसऱ्या दिवशी लिहून देतो म्हणून सांगितलं आणि ते विश्रामगृहावर गेले.

घरी बाईंचं जेवणात लक्ष नव्हतं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा आणि बायकोची थट्टा हा त्याचा जोडधंदा होता. सगळं ऐकून तो आधी पोट धरून हसला.

"अगं, कलम करून करून स्वतःच अडकलीस की!"

"अहो, हसू नका. त्या माणसाचं वाटोळं होईल माझ्यामुळे."

तो थांबला. बायकोचा आवाज ओला झाला की त्याची थट्टा आपोआप आवरायची. "हे बघ," तो म्हणाला, "माझा जुना बूट आणि नवा बूट जुळत नाही म्हणून मी नवा परत करतो का? घालून हिंडतो. महिना-दोन महिन्यांनी कुठला जुना नि कुठला नवा, तूच विचारतेस."

बाईंचा घास हातातच राहिला. पंप! पाण्याच्या पंपांची निविदा. पंप सुरुवातीला कुरकुरतात, मग रुळतात, म्हणून तेव्हा एक कलम घातलं होतं, आणि कलम गाळायचं नाही या सवयीने ते पडद्यांतून, छत्र्यांतून वाट काढत खुर्च्यांत आलंच असणार. त्या जेवण टाकून उठल्या. निविदेची घरची प्रत चाळली. होतं! पहिल्या तपासणीत फरक आढळल्यास माल नाकारण्यापूर्वी त्याचा काही काळ चाचणी वापर करून फेरतपासणी करावी.

सकाळी मोजपट्टींनी ते कलम उलटसुलट वाचलं. "हे पंपांचं वाटतं."

"खुर्च्यांच्या निविदेत आहे ना? मग खुर्च्यांचं."

नियमापुढे मोजपट्टींचं काही चालत नसे, हाच त्यांचा एक चांगला गुण. दोन महिन्यांनी येतो म्हणाले.

मग कार्यालयात असा उत्साह संचारला की विचारू नका. आयुष्यभर ज्या गोष्टीबद्दल लोकांनी त्यांना नावं ठेवली, ती करायचा आता लेखी आदेश निघाला होता. बसा. बाईंनी त्याला जोडून दुसरा आदेश काढला: सुसूत्रतेसाठी सर्व टेबलांवरचे फोन आणि कागदांच्या ताटल्या डाव्या हाताला ठेवाव्यात. शिपायाने सगळी हलवाहलव केली, आणि जेवणाच्या सुट्टीत तो वर्गावरच्या मास्तरासारखा फिरून ओरडू लागला, "रेला! मागे रेला! तुमची अजून ओरडत नाही, भाऊ, जीव लावून बसा जरा." लेखा विभागातले दोन दणदणीत गृहस्थ पूर्वी कुणालाच शेजारी नको असत. आता त्यांना पाळीपाळीने आमंत्रणं येऊ लागली.

सुतार अधूनमधून यायचा. दारात उभा राहून आपल्या खुर्च्यांचे हाल बघायचा आणि कपाळाला हात लावायचा. "बाई, चांगल्या वस्तूला वाईट करून पास करायचं? हे कसलं शास्त्र?"

"थोडं थांबा," बाई म्हणायच्या. त्याच्या डोळ्याला डोळा द्यायची त्यांची हिंमत होत नसे. त्या स्वतः मात्र पुन्हा गठ्ठ्यावर बसत होत्या. नमुना आता नव्याने मोहोरबंद होता, आणि या खेपेला कलम वाचायची गरज त्यांना वाटली नाही. कळ यायची, तर येऊ दे म्हणायच्या.

फेरतपासणीला मोजपट्टी आले, आणि नेमके साहेबही आले, कुठलीशी सही राहिली होती म्हणून. मोजपट्टी एकेका खुर्चीवर बसत चालले. भसकन, डावीकडे, कुंईऽऽ. "जुळते." भसकन, डावीकडे, कुंईऽऽ. "जुळते." शिपाई मागून चालत होता, जणू त्याच्याच पोरांचा निकाल लागत होता. सगळा मजला झाला.

"एक राहिली," मोजपट्टी म्हणाले आणि साहेबांच्या खोलीत शिरले.

ते बसले. काहीच झालं नाही. त्यांनी पाठ टेकवली. खुर्ची ताठ, सरळ, गप्प. गादीवरची सुताराच्या खडूची खूणसुद्धा पुसली गेली नव्हती.

"ही जुळत नाही. ही वापरलीच गेली नाही." मोजपट्टी सावकाश उठले. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, आणि मग त्यांच्या कपाळाला एक आठी पडली. "म्हणजे वापरली नाही तर ही खुर्ची अशी असते. ताठ, सरळ, आवाज न करणारी." ते वळले. "मग नमुना तसा कसा झाला? मॅडम, नमुन्यावर कोण बसत होतं?"

एवढं सगळं केलं आणि साहेबांच्या दौऱ्यांनी घात केला. त्यांनी सुताराकडे पाहिलं. तो आ वासून त्या कोऱ्या खुर्चीकडे बघत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत होता. त्या चेहऱ्याकडे बघताना बाईंना वाटलं, जाऊ दे, लागू दे ठपका. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "ते..."

"मी!" साहेब ओरडले.

सगळे चमकले. साहेबांना दरदरून घाम फुटला होता. खुर्ची कोरी का, याचं उत्तर कागदावर गेलं तर दौऱ्यांचा विषय निघणार होता, आणि दौऱ्यांतून काय काय निघालं असतं ते त्यांचं त्यांनाच माहीत. "मीच बसत होतो नमुन्यावर. माझ्या खुर्चीला म्हणून तर हात लागला नाही! मी रोज खरेदी विभागात असतो. देखरेखीला. विचारा बाईंना."

मोजपट्टींनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी छताकडे पाहिलं. खोटं बोलायचं नाही, पण कलम सांगायला काय हरकत आहे? "विभागप्रमुखाने नमुन्याची वेळोवेळी स्वतः तपासणी करावी, असं कलम आहे," त्या म्हणाल्या.

"आहे," मोजपट्टींनी मान्य केलं. "कलम पाळणारा विभागप्रमुख मी आजवर पाहिला नव्हता." त्यांनी लिहायला घेतलं आणि मोठ्याने वाचत गेले: न वापरलेल्या खुर्चीवरून सुताराचं काम उत्तम असल्याचं सिद्ध होतं. नमुन्यातला फरक विभागप्रमुखांच्या नियमित तपासणीमुळे. माल मंजूर. "आणि विभागप्रमुख खरेदी विभागातच बसतात, याची मी खास नोंद करतो. अधूनमधून न कळवता येऊन बघेन. इतरांना दाखवण्यासारखी गोष्ट आहे."

साहेबांनी रुमाल काढून घाम पुसला.

"आणि ही कोरी खुर्ची?" शिपायाने भोळा चेहरा करून विचारलं. "साहेबांना तर ती लागत नाही म्हणतात."

"चाचणी वापर राहिलाय तिचा," मोजपट्टी म्हणाले. "ज्याला खुर्ची नाही त्याला द्या."

त्या दिवसापासून साहेब रोज वेळेवर येतात. खरेदी विभागाच्या कोपऱ्यात, बाईंच्या समोर, त्याच नमुन्यावर डावीकडे झुकून बसतात, आणि जरा डुलकी लागून मागे रेलले की कुंईऽऽ होऊन दचकून जागे होतात. तो आवाज ऐकला की बाईंना आपलेपणा वाटतो. त्यांच्या स्वतःच्या खुर्चीखालचा निविदांचा गठ्ठा निघाला, जुनी खुर्ची गेली आणि तिच्या जागी ती ताठ, सरळ, गप्प खुर्ची आली.

सुतार शेवटची सही घ्यायला आला तेव्हा साहेब चहाला गेले होते. त्याने कोपऱ्यातल्या नमुन्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग त्यांच्या डाव्या हाताच्या फोन-ताटलीकडे, आणि त्याची नजर तिथेच रेंगाळली. बाईंना कानकोंडं झालं.

"सुतारदादा," त्या हळूच म्हणाल्या, "तुमचे हात चांगले आहेत हो."

"बाप हातोडी काढून घेणार नाही म्हणायचं तर." तो हसला. मग पुढे होऊन त्याने बाईंचा फोन उचलला, वायर सोडवली आणि टेबलाला वळसा घालून तो उजव्या हाताला नेऊन ठेवला. कागदांची ताटली तेवढी डावीकडेच राहू दिली.

"आता दोन्हीकडे सारखं झुका, बाई," तो म्हणाला. "ही तरी सरळ राहील."